दट्ट्याचा प्रवास आणि दहाचा ठिपका

तेजस्विनी सावंत यांनी २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि २०१० मध्ये म्युनिच येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात त्या जगज्जेत्या ठरल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण आणले, त्याच वर्षी शाहू माने या युवकाने ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचे रौप्य पटकावले, आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. कुस्तीच्या तालमींसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याने नेमबाजीतही स्वतःचे घराणे उभे केले, असे या यादीवरून म्हणता येते. मात्र यांपैकी कोणतेही पदक स्प्रिंगच्या रायफलीने मिळालेले नाही. आजच्या स्पर्धेतील एअर रायफल आधीच दाबून भरलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालते, तिला झटका जवळपास नसतो आणि तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर असते. ज्या घरात नेमबाजीची पहिली ओळख होते तेथे बहुधा नळी मोडून भरण्याची साधी स्प्रिंगची रायफलच असते. ही रायफल चालवायला सर्वांत अवघड आणि सुधारायला सर्वांत समाधान देणारी असते, आणि तिची सुधारणा म्हणजे काय याविषयीचे गैरसमजही तितकेच जुने आहेत.

या रायफलीत साठवलेली हवा नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. नळी बिजागरीतून खाली मोडली की तिला जोडलेला दांडा सिलिंडरमधील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मागे ढकलतो. दट्ट्यामागची जाड तारेची स्प्रिंग दाबली जाते आणि खटका दट्ट्याला मागेच अडकवून ठेवतो. छर्रा नळीच्या मुखात बसवून नळी मिटली आणि चाप ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि दट्ट्यासमोर असलेली साधी, बाहेरच्याच दाबाची हवा काही सहस्रांश सेकंदांत सिलिंडरच्या टोकाला कोंबली जाते. सिलिंडरचा आतील व्यास २५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर धरली, तर ही हवा जेमतेम ३९ घनसेंटिमीटर भरते. एवढीच हवा एका बारीक छिद्रातून छऱ्यामागे जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, त्याच कारणाने ही हवाही तापते. फरक इतकाच की येथे दाबण्याचे काम इतक्या झटक्यात होते की उष्णतेला सिलिंडरच्या भिंतीतून निसटण्यास वेळच मिळत नाही. उष्णता बाहेर न जाता होणाऱ्या अशा संकोचनाला भौतिकशास्त्रात रुद्धोष्म संकोचन म्हणतात, आणि छऱ्याला मिळणाऱ्या वेगात या उष्णतेचा वाटा मोठा असतो.

पुढे जे घडते ते अधिक गुंतागुंतीचे आहे. स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलत असताना रायफलीला तितक्याच जोराने मागे ढकलते, म्हणून पहिला झटका खांद्याकडे येतो. दट्ट्या टोकाजवळ पोहोचून दाबलेल्या हवेच्या गादीवर अडला की त्याचा वेग रायफलीत उतरतो आणि ती उलट पुढे ओढली जाते. छर्रा जड किंवा नळीत घट्ट असेल तर तो उशिरा हलतो, तोवर दाब वाढतो आणि दट्ट्या हवेवर आपटून मागे उसळतो. छर्रा हलका किंवा सैल असेल तर हवा लवकर निघून जाते आणि दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर धातूवर धातू आपटावा तसा आदळतो. छऱ्याशिवाय रायफल उडवू नये, हा नियम यातूनच आला आहे, कारण त्या वेळी हवेची गादीच नसते आणि दट्ट्याच्या टोकावरचे सील पहिल्या काही आघातांतच फुटू शकते. दारूच्या बंदुकीत झटका मुख्यतः गोळी नळीबाहेर पडण्याच्या सुमारास जाणवतो. येथे मात्र मागचा झटका आणि पुढचा हिसका हे दोन्ही छर्रा नळीत असतानाच सुरू झालेले असतात. रायफल या धडपडीत दरवेळी सारखीच हलली तर छर्रा दरवेळी सारख्याच ठिकाणी जातो. स्प्रिंगच्या रायफलीची सगळी सुधारणा या एका वाक्यात सामावते.

तरीही सुधारणा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जाड तारेची, अधिक वेटोळ्यांची स्प्रिंग येते. अधिक जोर म्हणजे अधिक चांगली रायफल, हा समज मुळातच चुकीचा आहे आणि कायद्याच्या दृष्टीने धोक्याचाही आहे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच, व्यासापर्यंतच्या आणि नळीच्या तोंडाशी २० जूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही. ही मर्यादा ओलांडणारी रायफल परवान्याच्या कक्षेत येते. छऱ्याची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून काढतात. स्पर्धेतील सुमारे ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला तर त्यात साडेसात जूलच्या आसपास ऊर्जा असते, आणि दहा मीटरवरच्या कागदासाठी ती पुरेशी आहे. जोर वाढवलेली स्प्रिंग दट्ट्याला अधिक आपटते, दुर्बिणीचे पेच ढिले करते, नळी मोडताना हाताला जड जाते आणि खटक्यावरचा ताण वाढवते. बदल्यात मिळणारा वेग फारसा नसतो, कारण स्प्रिंगमधील ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच छऱ्यापर्यंत पोहोचतो आणि ढकलायची हवा तेवढीच राहते.

वेग किती आहे यापेक्षा तो किती सारखा आहे हे महत्त्वाचे का, ते एका साध्या हिशेबाने कळते. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर १७० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर अंतर ०.०५९ सेकंदात कापतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६० वर घसरला तर तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक खाली येतो. फरक दोन मिलिमीटरांचा आहे. आंतरराष्ट्रीय एअर रायफल लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते, म्हणजे नेमबाजाने काहीही चूक न करता केवळ वेगातील चढउतारामुळे जवळपास एक पूर्ण गुण हातचा जातो. दोन छऱ्यांच्या वेगातील फरक तीन मीटरवर आणता आला तर हीच तफावत अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर राहते. म्हणून जाणता कारागीर वेगाच्या आकड्यापेक्षा दहा छऱ्यांच्या वेगांतील अंतर प्रथम पाहतो.

हे काम करण्यासाठी लागणारे कसब कोल्हापुरात नवे नाही. म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या स्वतःच्या हाताने शिकलेल्या यंत्रकारांपासून सुरू झालेली ऑइल इंजिनांची परंपरा, शिवाजी उद्यमनगरातील लेथची दुकाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या यांमुळे दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातील फट, होनिंग, बर काढणे हे शब्द येथे रोजच्या बोलण्यातले आहेत. रायफलीचा सिलिंडर हा शेवटी एक सिलिंडरच असतो. फरक असतो तो मापांच्या नाजूकपणाचा आणि दाबलेल्या स्प्रिंगच्या धोक्याचा. रायफलीत बसवलेली स्प्रिंग रायफल भरलेली नसतानाही काही प्रमाणात दाबलेली असते. मागचे बूच नुसते पेच काढून मोकळे केले तर ते आणि त्यामागची स्प्रिंग तोंडावर उडू शकते, म्हणून रायफल लांब शिकंज्यात धरून, बुचावर दाब कायम ठेवत तो हळूहळू सोडावा लागतो. दस्ता काढण्यापूर्वी रायफल रिकामी आणि न भरलेली आहे याची खात्री करणे आणि डोळ्यांवर चष्मा असणे या दोन गोष्टींना पर्याय नाही.

उघडलेल्या रायफलीत सर्वांत आधी स्प्रिंग पाहावी. सपाट काचेवर लोळवली असता ती डगमगली तर ती वाकलेली असते. नव्या स्प्रिंगपेक्षा तिची मोकळी लांबी बरीच कमी भरली तर कारागिरांच्या भाषेत ती बसलेली असते आणि बदलावी लागते. दोन्ही टोके तिच्या अक्षाला काटकोनात आणि सपाट घासलेली हवीत, नाहीतर ती दट्ट्याला एका बाजूने रेटते. पण चांगली स्प्रिंगही सैल बसवली तर त्रास देते. रायफल सुटल्यावर तंबोऱ्याच्या तारेसारखा जो झणझणाट गालाला जाणवतो, तो स्प्रिंगची वेटोळी आतल्या दांड्यावर आणि दट्ट्याच्या भिंतीवर थरथरल्याचा आवाज असतो. कारखान्यातून येणारा पत्र्याचा दांडा बहुधा ढिला असतो. त्याच्या जागी नायलॉन किंवा डेल्रिनसारख्या टणक प्लॅस्टिकचा दांडा लेथवर उतरवून घेतला तर हा झणझणाट बराचसा संपतो. स्प्रिंग दाबली की तिचा व्यास किंचित वाढतो, हे या कामातले मर्म आहे. म्हणून दांडा मोकळ्या स्प्रिंगमध्ये हाताने फिरवत सरकवावा लागेल इतका घट्ट ठेवतात आणि रायफल भरताना तो आपोआप मोकळा होतो. दट्ट्याच्या बाजूने स्प्रिंगमध्ये बसणारी छोटी टोपी दुसरे टोक सरळ धरते. स्प्रिंग दाबताना आणि सुटताना स्वतःभोवती थोडी पिळली जात असल्याने तिच्या टोकाशी गुळगुळीत पोलादी वायसर ठेवले तर हा पीळ दस्त्यापर्यंत पोहोचत नाही.

सिलिंडरच्या खाचांच्या कडांना कारखान्यात राहिलेली धार, म्हणजे बर, हा नव्या सीलचा पहिला शत्रू असतो. सील बसवताना ते या कडांवरून सरकते आणि एखादी न दिसणारी कड त्याच्या ओठावरून पातळ साल काढते; मग ती रायफल काही दिवस बरी चालते आणि पुढे वेग हळूहळू घसरत जातो, ज्याचा दोष उगाचच स्प्रिंगला दिला जातो. बारीक कानस आणि झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या मोडणे हे दिसायला किरकोळ काम रायफलीचे आयुष्य वाढवते. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वंगण धरून ठेवायला तिला किंचित खरखर लागते. जुन्या रायफलींत चामड्याचे सील असे, त्याला अधूनमधून तेल पाजावे लागे. आजचे कृत्रिम सील तेल मागत नाही, पण त्याचा व्यास नेमका हवा. दट्ट्या सिलिंडरमध्ये मोकळ्या हाताने सरकवला असता सील घट्ट न अडकता एकसारखी अडवणूक करत जावे, ही त्याची खूण मानतात.

वंगणाच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान चांगल्या हेतूने होते. शिवणयंत्राचे किंवा इंजिनाचे तेल नळीच्या छिद्रातून आत सोडले की पहिल्या काही फैरींना मोठा आवाज, निळसर धूर आणि जळका वास येतो आणि रायफल जोरदार झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तापलेल्या हवेत ते तेल पेटलेले असते. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात इंधन याच तत्त्वावर पेटते, त्यामुळे या प्रकाराला डिझेलिंग असेच म्हणतात. ऑइल इंजिनांच्या गावात तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. प्रत्येक वेळी पेटणाऱ्या तेलाचे प्रमाण वेगळे, म्हणून दाबही वेगळा, छऱ्याचा वेगही वेगळा, आणि एखादा मोठा स्फोट सील जाळतो किंवा स्प्रिंग मोडतो. यासाठी दाबाच्या कप्प्यात खनिज तेल घालत नाहीत. सरकणाऱ्या धातूंवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा अगदी पातळ थर देतात आणि स्प्रिंगवर चिकट ग्रीस जेमतेम पुसल्यासारखे लावतात. सिलिकॉन तेल सीलला चालते, पण धातूवर धातू घासतो तेथे ते कुचकामी ठरते. थोडक्यात, कोरडेपणाकडे झुकलेली रायफल तेलकट रायफलीपेक्षा अधिक विश्वासू असते.

हवा गळण्याची आणखी एक जागा नळी मिटते तेथील छोट्या गोल सीलची आहे. सांध्यावर पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवून सुरक्षित लक्ष्यावर रायफल उडवली आणि पट्टी उडाली तर सील बदलायचे, इतकी ही चाचणी सोपी आहे. नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर ओरखडा असेल तर बाहेर पडणाऱ्या छऱ्याच्या एका बाजूने हवा आधी सुटते आणि तो डगमगतो, म्हणून ती कड लेथवर नव्याने उतरवून घेतात. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या छऱ्यांतही फरक पडतो. प्रत्येक नळीला एखादा छर्रा मानवतो आणि तो सापडेपर्यंत बाकीच्या सुधारणांचे मोजमाप फसवे राहते.

चापाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. ओढ हलकी करण्यासाठी खटक्याचे तोंड कानसीने घासले की त्यावरचा कठीण केलेला पातळ थर निघून जातो, उघडा पडलेला मऊ धातू झिजत जातो आणि एक दिवस भरलेली रायफल धक्क्याने आपोआप सुटते. नळी मोडलेली असताना हे घडले तर ती झेप घेऊन बोटे चिरडते. पृष्ठभाग स्वच्छ करणे, धूळ काढणे आणि योग्य ग्रीस देणे यापलीकडचे काम या भागावर घरी होऊ नये.

यंत्राबाहेरचे दोष पुष्कळदा आतल्या दोषांहून मोठे निघतात. दुहेरी झटक्याने दस्त्याचे पेच ढिले होतात, म्हणून अचूकता बिघडली की रायफल उघडण्याआधी पेचकस फिरवून पाहावा. साधी दुर्बीण मागच्या झटक्यासाठी बांधलेली असते, पुढच्या हिसक्याने तिच्यातील भिंगे किंवा क्रॉसच्या तारा सुटतात. सर्वांत मोठा दोष पकडीत असतो. घट्ट धरलेली रायफल त्या दिवशीच्या स्नायूंच्या ताणाप्रमाणे उसळते. उलट दस्त्याचा पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवून तिला मोकळेपणे मागेपुढे जाऊ दिले तर ती दरवेळी एकाच वाटेने हलते. अमेरिकन लेखक टॉम गेलॉर्ड यांनी या पकडीला तोफखान्यावरून नाव दिले, कारण तेथेही तोफ मागे सरकू देतात.

स्पर्धेतील यंत्रकारांनी याच अडचणीवर वेगळे उपाय शोधले. दहा मीटर एअर रायफल १९६६ मध्ये व्हीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत आली आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये. त्या सुमारास जर्मनीतील फाइनवेर्कबाऊ कंपनीने संपूर्ण यंत्रणा रुळांवर सरकू दिली, त्यामुळे चाप ओढताच ती दस्त्यावर मागे जाई आणि झटका खांद्यापर्यंत येईना, तर डायना कंपनीने कुर्ट गिस यांच्या योजनेनुसार एकमेकांविरुद्ध दिशेने धावणारे दोन दट्ट्ये बसवून दोन्ही झटके परस्परांत जिरवले. या स्प्रिंगच्या रायफलींनी अचूकतेचा जो दर्जा गाठला तो आजही आदर वाटावा असा आहे. पुढे हवा आधीच भरून ठेवणाऱ्या रचनांनी त्यांची जागा घेतली. भारतात इंडियन ह्यूम पाइप कंपनीने काढलेल्या ‘नॅशनल’ रायफली अनेक घरांत पोहोचल्या. त्यांची बांधणी साधी पण लोखंड भरीव असल्याने वर सांगितलेली बहुतेक कामे त्यांच्यावर आजही सहज होतात.

सुधारणा झाली की नाही हे एका छऱ्यावरून ठरत नाही. नवे सील सिलिंडरशी जुळवून घेते तोवरच्या पहिल्या काही डझन फैरी हिशेबात धरायच्या नाहीत. मग भिंतीआड किंवा जाड लाकडाआड छर्रे अडतील अशा जागी, दहा मीटरवर, एकाच छऱ्याचे दहा-दहा नेम घेऊन त्यांचा गट मोजायचा आणि वेगमापक असेल तर त्याच दहा फैरींचे वेगही लिहून ठेवायचे. एका वेळी एकच बदल करावा: आधी दांडा, मग सील, मग वंगण. तीन बदल एकदम केले तर गट लहान होऊनही तो कशाने झाला हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी स्प्रिंग बसली की सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. हिवाळ्याच्या सकाळी वंगण जाड होऊन वेग थोडा उतरतो, तेव्हा नोंदवहीत तारखेशेजारी हवामानही असावे. सराव संपल्यावर रायफल कधीही भरलेली ठेवू नये, कारण तासन्‌तास दाबून राहिलेली स्प्रिंग हळूहळू आपली लांबी गमावते. नळीवर तेलाचा बारीक हात फिरवून ती कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवावी.